मनगटावर आलेली हाक

मंडळी, आजची गोष्ट आजच लिहितो.

लाखनीजवळच्या राइस मिलमध्ये मोटरचं बटन माझ्याकडे असतं. मिल सुरू झाली की शेजारच्याचंही बोलणं ऐकू येत नाही. म्हणून आम्हा सगळ्यांना मनगटाचे पट्टे मिळालेत. एकाने दाबला की बाकीच्यांचे पट्टे थरथरतात. अर्थ एकच, मोटर बंद कर.

कोंडा चिकटू नये म्हणून मी पट्टा शर्टाच्या बाहीवरून बांधायचो. आज सकाळी धान ओतणाऱ्या कुसुमबाई खवळल्या, "काहून रे, माही हाक तुले पायजे का तुह्या शर्टाले?"

मी बाही वर सारली आणि पट्टा उघड्या मनगटावर बांधला.

दुपारी मनगट थरथरलं. मागे न बघताच बटन दाबलं. धावत गेलो तर कुसुमबाईंचा पदर बेल्टमध्ये अडकलेला. एका हाताने त्यांनी तो घट्ट धरला होता, दुसऱ्या हाताचा अंगठा अजून पट्ट्यावरच होता. त्या जोरात ओरडल्याही होत्या म्हणे. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

उद्यापासून सगळ्यांच्या बाह्या वर झाल्याशिवाय मी मोटर सुरू करणार नाही. शेठ कितीही रागावू देत.

तुमच्याही कामावर असा गोंगाट असेल तर एकदा बघा, कुणाची हाक तुमच्या शर्टावरच तर अडकत नाही ना?