पाळण्यातलं नाव

भावावर सूड उगवायचा हे मी त्याच्या लग्नातच ठरवलं होतं. संधी यायला मात्र त्याला मूल व्हावं लागलं.

लग्नपत्रिकेत त्यानं वडिलांचं नावच छापलं नाही. नुसती आद्याक्षरं, मध्ये टिंबं देऊन, एखाद्या वकिलाच्या पाटीवर असतात तशी. अण्णांनी त्या अक्षरांवर बोट ठेवून मला विचारलं, "हा कोन गं, बाई?"

अण्णांचं नाव दगडू. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आजीनं ठेवलेलं, दगडासारखा टिकावा या आशेनं. याच नावानं त्यांनी लासूर स्टेशनच्या मोंढ्यात उभा जन्म धान्याची पोती वाहिली आणि आम्हा दोघांना शिकवलं. मी इंग्रजीची शिक्षिका झाले, धाकटा भाऊ इंजिनिअर. मग इंजिनिअरला दगडूची लाज वाटायला लागली.

त्याला मुलगा झाला तेव्हा अण्णा भीत भीत म्हणाले, "नुसतं पाळन्यातलं नाव माझं ठिवा. कागदावर काय बी लावा."

भाऊ हसला. "अण्णा, दगडू? शाळेत पोरं हाणतील त्याला."

अण्णाही हसले, आपण गंमतच केली असं दाखवायला. त्यांचं ते ओशाळं हसू आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

भावाच्या मनात पोराचं नाव आधीच ठरलेलं होतं. बिडकीनला त्याच्या कारखान्यात स्वीडनहून मोठा साहेब आला होता, त्याचं नाव स्टेन. तेच ठेवायचं. साहेब खूश झाला तर तिकडं बदली मिळेल, हा त्यातला हिशोब. मला मात्र म्हणाला, "एकदम मॉडर्न आहे, ताई. अख्ख्या संभाजीनगरात दुसरा स्टेन सापडणार नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून मी फोनवर त्या मॉडर्न नावाचं मूळ शोधलं. वाचता वाचता मला इतकं हसू फुटलं की शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढं केली. स्टेन म्हणजे दगड. त्या थंड मुलखातल्या जुन्या भाषेतला सरळ साधा दगड. एके काळी तिकडं हे नाव घरोघरी असायचं. आता ते पेन्शनीत निघालेल्या आजोबांचं, बाळांना कुणी ठेवत नाही.

भावाला मी एका शब्दानं बोलले नाही. बोलले असते तर त्यानं दुसरं नाव शोधलं असतं. महापालिकेतून जन्मदाखला निघेपर्यंत मी तोंडात गुळणी धरून बसले. चांदीच्या वाटीवर नाव कोरून आणायचं काम तर मी हौसेनं मागून घेतलं, आणि सराफाला सांगितलं, जरा खोल कोरा.

बारसं हर्सूलला भावाच्या सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. साहेब पुढच्या रांगेत, कपाळाला गंध, हातात घुगऱ्यांचा द्रोण. अण्णा पार मागं. भावानं त्यांची साहेबाशी ओळख करून दिली ती 'माय फादर' एवढीच.

नाव ठेवायचा मान आत्याचा. मी पाळण्यात वाकले, बाळाच्या कानात 'स्टेन' म्हटलं, रीतीप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाधप बुक्के घातले. मग मी सरळ उभी राहिले आणि साहेबाला खणखणीत इंग्रजीत विचारलं, "आपल्या नावाचा अर्थ काय हो?"

भला माणूस. लगेच उभा राहून मनापासून सांगायला लागला. मी वर्गात शिकवते त्या आवाजात एकेक वाक्य मराठीत आणत गेले. "साहेब म्हणतात, स्टेन म्हणजे दगड. धोंडा. त्यांच्या लहानपणी वर्गात तीन-चार स्टेन असायचे. आता तिकडं फक्त म्हातारे उरलेत या नावाचे. तुम्ही बाळाला हे नाव का ठेवलं, याचं त्यांना फार नवल वाटतंय."

आधी एक मावशी फिस्सकन हसली, मग सगळा हॉल. वहिनीनं भावाकडं असं पाहिलं की तो पाळण्याची दोरी हातात धरून नुसता उभाच राहिला. त्याचा तो उतरलेला चेहरा मी डोळे भरून पाहिला.

तेवढ्यात मागून अण्णा वाट काढत पुढं आले. त्यांनी भावाचे दोन्ही हात धरले. "म्हंजी दगडूच की रं! मला वाटलं तू हसण्यावारी नेलंस. अन् गुपचूप माझंच नाव ठिवलंस व्हय?" अण्णा रडत होते. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

भावानं माझ्याकडं पाहिलं. माझं एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंही होतं, पण अण्णांच्या तोंडाकडं पाहून मी ते गिळलं.

"व्हय, अण्णा," भाऊ म्हणाला.

टाळ्या पडल्या. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं माझा सूड आपल्या पुण्यात जमा करून घेतला. संतापानं मला घुगऱ्यासुद्धा गेल्या नाहीत.

आता पोरगा चालायला लागलाय. अण्णा त्याला सांभाळायला हर्सूललाच असतात आणि संध्याकाळी सोसायटीच्या बागेत मोंढ्यातल्या आवाजात हाक मारतात, "ए दगडू, हिकडं ये लेका!" हाक पार वरच्या मजल्यापर्यंत जाते. भेटेल त्याला सांगतात, नाव माझ्या लेकानं ठेवलंय. सोसायटीतली पोरंही त्याला दगडूच म्हणतात. स्टेन तेवढा वाटीवर उरलाय. आईनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही, म्हणून ती नातवाला 'अहो' म्हणते.

एकदा भाऊ न राहवून म्हणाला, "अण्णा, जरा हळू. लोक ऐकतात."

"का रं? तूच ठिवलंस न्हवं?"

मी बाकावर बसून चहा पीत होते. भावानं माझ्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

"व्हय, अण्णा."

तेव्हापासून दर रविवारी मी मुद्दाम संध्याकाळचीच जाते. अण्णांच्या शेजारी बसते, विषय फिरवून फिरवून नावावर आणते, आणि भावाच्या तोंडून ते 'व्हय' ऐकल्याशिवाय उठत नाही.