काच सोडायचा शब्द

आमचा दादा काच बसवतो. खिडक्या, दारं, दुकानांची तावदानं, न्हाणीघरातले आरसे. दोन्ही हातांवर जुने चरे आहेत, पण दादाच्या हातून काच सुटली असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. आता सगळी गल्ली म्हणते. आणि सुटली म्हणत नाहीत, सोडली म्हणतात. या दोन शब्दांतल्या फरकापायी माझं डोकं फिरलंय, म्हणून सांगायला बसले.

दुकान दादाचं आणि धाकट्याचं. मधली बहीण मी. फोन घेते, गिऱ्हाइकांशी बोलते आणि दोघांची भांडणं सोडवते. हे शेवटचं काम बिनपगारी.

मोठी काच दोघांनी धरायची असते. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना घेणाऱ्याने म्हणायचं, "माझी." म्हणजे भार माझ्यावर आला, तू सोड. तो शब्द कानावर पडेपर्यंत देणारा बोटसुद्धा हलवत नाही. आमच्या वडिलांनी हे दोघांच्या हाडीमासी मुरवलं होतं.

मग निवडणूक आली आणि घराची वाट लागली. दादा एका पक्षाचा, धाकटा दुसऱ्याचा. पक्षाचा म्हणजे काय, त्या पक्षांत या दोघांना कुत्रंही विचारत नाही. पण तावातावाने भांडणं अशी, की दुसऱ्या दिवशी शपथविधी जणू यांचाच! दादा धाकट्याला "विकला गेलेला" म्हणाला, धाकटा त्याला "आंधळा" म्हणाला. निकाल लागला, धाकट्याचे लोक थोडक्यात जिंकले. त्याने मोटरसायकलला झेंडा बांधला आणि दादाच्या नाकावर टिच्चून ती दुकानासमोर, अर्ध्या रस्त्यात लावायला लागला. दादाने मिठाची गुळणी धरली. दोघांचा चहा वेगळा, जेवण वेगळं, निरोप माझ्यामार्फत. "त्याला सांग, स्क्रू संपलेत." आणि तो हातभर अंतरावर उभा! दोघांत बोलण्याचा एकच शब्द उरला होता, "माझी". तोही काचेच्या धाकाने.

त्या दिवशी एका दवाखान्याच्या दाराची काच न्यायची होती. दुधी, आरपार न दिसणारी. दादा दुकानाच्या उंबरठ्याच्या आत, धाकटा बाहेर, मध्ये काच. धाकट्याने नुसते हात पुढे केले होते, भार अजून घेतला नव्हता. तेवढ्यात रस्त्यावरून एक टेम्पोवाला ओरडला, "ही झेंड्याची गाडी कुणाची रे? काढ की मधून!"

धाकट्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मान वळवून, छाती काढून तो गरजला, "माझी!"

दादाने सोडली.

काच धाकट्याच्या तळहातात खोल शिरली. दादानेच शर्ट काढून तो हात बांधला, दादानेच त्याला दवाखान्यात नेलं. टाके पडले. अंगठा अजून पुरता वळत नाही.

संध्याकाळपर्यंत गल्लीने दुसरा निकाल लावून टाकला होता. हरल्याचा राग भावाच्या हातावर काढला म्हणे! मी घसा फोडून सांगितलं, मी आतच होते, माझ्या कानांनी ऐकलं. तर मला म्हणतात, "तुम्ही थोरल्याच्याच बाजूच्या." मी मत कुणाला दिलं ते माझं मला ठाऊक! आणि दादाचे पक्षवाले? ते पाठ थोपटायला आले. "बरी अद्दल घडवलीत." दादाने त्यांना दारातूनच हाकललं. इकडचे तसेच, तिकडचे तसेच. सगळे एका माळेचे मणी.

दादा एवढंच म्हणत राहिला, "मी शब्द ऐकला." ते खरं की खोटं, हे धाकट्याने सांगितलं तरच लोक मानणार होते. म्हणून मी त्याच्या खोलीवर गेले. झेंडेवाले मित्र खाटेभोवती बसले होते.

"सांग यांना," मी म्हटलं. "तू 'माझी' म्हणालास की नाही?"

त्याने मित्रांकडे पाहिलं. मग हाताच्या पट्टीकडे.

"मला नाही आठवत, ताई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गाडी कुणाची ते आठवतं ना रे?"

"जाऊ द्या ना ताई, आजारी माणसाला कशाला छळता?" एक मित्र म्हणाला. चप्पल हातात घेणार होते, ती पायात घातली आणि निघून आले. घरी येऊन दादाला सगळं सांगितलं.

टाके निघाले, हाताला जोर आला, तसा धाकटा कामावर परतला. दादा मोठी काच टेबलावरून उचलत होता. धाकटा मुकाट्याने दुसऱ्या टोकाला गेला, भार घेतला आणि हळूच म्हणाला, "दादा, माझी."

निकालानंतर पहिल्यांदा त्याने दादा म्हटलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

दादाने सोडली नाही.

"दादा, माझी म्हणतोय मी! ऐकू येत नाही का?"

"आलं," दादा म्हणाला. "उद्या म्हणशील, आठवत नाही."

त्याने काच पुन्हा टेबलावर टेकवली आणि शेजारच्या सुताराला हाक मारली. सुताराच्या दारावर झेंडा आहे. धाकट्याच्या गाडीवर आहे, तोच. सुतार हात पुसत आला, धाकट्याला बाजूला करून त्याने काचेचं टोक धरलं.

"माझी," सुतार म्हणाला.

दादाने सोडली.