पळालेलं इंजिन

पंपवालीला आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते कागदोपत्रीच उरलं होतं. जुन्या ट्रॅक्टरची इंजिनं खोलून नव्याने बांधणारं वर्कशॉप तिच्या थोरल्या भावाचं, आणि सव्वीस वर्षं तिथले डिझेल पंप तिच्या हातचे. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्याकडून दादाने हट्ट उचलला आणि हिने हात, असं तिची आई म्हणायची.

सुरुवातीला लोक हसले होते. पहिले दोन पंप तिने बिघडवलेही होते. पण तिसरा असा चालला की पुढे लोक लांबून नुसता पंप पिशवीत घालून तिच्याकडे येऊ लागले. वर्कशॉपच्या कोपऱ्यात तिची काचेची खोली होती. आत धूळ चालायची नाही, म्हणून दादासुद्धा बूट काढूनच आत यायचा. "केस अडकला तरी इंजिनाला खोकला येतो," असं ती सांगायची आणि डोळ्याला भिंग लावून पुन्हा कामात बुडायची.

त्या वर्षी पोस्टमास्तरांचा ट्रॅक्टर आला. पोस्टमास्तर निवृत्त झाले होते आणि ट्रॅक्टर त्यांच्या वडिलांचा होता, तीन सिलिंडरचा, सात वर्षं शेडमध्ये पडून गंजलेला. त्यांची थोरली बहीण लहानपणी त्याच ट्रॅक्टरवर चालवायला शिकली होती. आता ती ऐंशीला टेकली होती आणि परदेशातून पंधरा दिवसांसाठी येणार होती. पुन्हा येणं होईल असं कोणालाच वाटत नव्हतं. तिला एकदा त्या सीटवर बसवायचं, चालू ट्रॅक्टरवर, एवढंच पोस्टमास्तरांचं म्हणणं. त्यासाठी ते हात धुऊन मागे लागले होते. रोज सकाळी यायचे, विचारायचे, आणि उत्तर मिळालं तरी जायचे नाहीत.

दादाने लायनर बदलले, पिस्टन बसवले, क्रँक घासून आणला. पंपवालीकडे पंप आला तो आतून तांबूस झालेला. डिझेलमध्ये पाणी गेलं होतं. तिने एकेक भाग धुतला, पुसला, घासला. पंपाच्या पोटात एक दातेरी पट्टी असते. तिला ती रॅक म्हणायची. रॅक जेवढा सरकेल तेवढं डिझेल इंजिनाला मिळतं. पंप हातात तिरका धरला की रॅक स्वतःच्या वजनाने सरकन खाली यायला हवा, ही शेवटची परीक्षा. तिने पंप तिरका केला. रॅक खाली आला, पण शेवटच्या बोटभर अंतरात क्षणभर अडखळला.

तिने तेलाचे दोन थेंब सोडले, पाचसहा वेळा रॅक मागेपुढे केला. मग तो सरळ आला. एरवी तिने पंप पुन्हा खोललाच असता. पण काचेपलीकडे पोस्टमास्तर घड्याळ बघत उभे होते आणि बहिणीचं विमान त्याच संध्याकाळी उतरणार होतं. तिने पंप दादाच्या हातात दिला.

दादाचंही एक दुखणं होतं आणि त्यावर दोघांनीही डोळ्यांवर कातडं ओढलं होतं. वर्षभरात त्याला कमी ऐकू यायला लागलं होतं. पाना मागितला की तो पाणी घेऊन यायचा. ती हसायची, पाणी प्यायची आणि पाना स्वतः उठून घ्यायची. ज्याने आयुष्यभर इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखलं, त्याला हे तोंडावर कसं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला इंजिन पहिल्यांदा चालू केलं. एअर फिल्टर अजून बसवला नव्हता, हवा आत घेणारं तोंड वरच्या बाजूला उघडंच होतं. दादाने स्टार्टर मारला. दोनदा नुसतं गुरगुरलं, तिसऱ्यांदा धूर सोडून पेटलं. पोस्टमास्तरांनी टाळी वाजवली. एका नळीच्या जोडातून तेल झिरपताना दिसलं, तसा दादा खाली उतरला आणि पाना घेऊन इंजिनाच्या कुशीत वाकला. पंखा त्याच्या खांद्यापासून हातभर अंतरावर फिरत होता.

काचेच्या खोलीच्या दारात उभ्या असलेल्या पंपवालीला आवाज चढताना ऐकू आला. पेटल्यावर इंजिन आधी थोडं चढतं आणि मग खाली बसतं, हे तिला माहीत होतं. हे बसेना. चढतच राहिलं. रॅक पुढे जाऊन अडकला होता आणि इंजिनाला मिळेल तेवढं डिझेल मिळत होतं.

"दादा, बाजूला हो!"

दादा जोड आवळत राहिला.

ती पुन्हा ओरडली. आता आवाजाची किंकाळी झाली होती, धुराड्यातून काळा लोट निघत होता, ट्रॅक्टर चाकांवर थरथरत होता. तो थरथराट हाताला जाणवला तेव्हा दादाने मान वर केली. पण बाजूला होण्याऐवजी त्याने इंजिन बंद करायचा दांडा धरून ओढला. दांडा त्याच रॅकला जोडलेला. हलणार कसा? तो ओढतच राहिला. डिझेलचा कॉक बंद केला तरी फिल्टरमध्ये होतं तेवढं डिझेल इंजिन पिणारच होतं, आणि तोवर पिस्टनचा एखादा कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाचं कवच फोडून बाहेर आला असता. दादा उभा होता त्याच बाजूने.

त्याला ओढायला जायचं की इंजिन थांबवायचं? विचार करायला वेळच नव्हता. तिने आपलं बसायचं लाकडी स्टूल उचललं, पुढच्या चाकावर पाय देऊन वर चढली आणि स्टूल उलटं करून त्याची फळी हवेच्या तोंडावर दाबली. आतून एवढी ओढ लागली की तिचे हात खाली खेचले गेले. ती सगळ्या अंगाचा भार टाकून लवली. इंजिन घुसमटलं, दोन आचके दिले आणि थांबलं.

गरम लोखंड टिकटिक वाजत होतं.

पोस्टमास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. थोड्या वेळाने त्यांचा तोल सुटला आणि ते दादाला नाही नाही ते बोलले. दादाने ऐकून घेतलं. त्याला जेवढं ऐकू आलं तेवढं. मग म्हणाला, "जोडणी माझी आहे. चूक माझीच असणार." आणि आपण बसवलेले दांडे एकेक करून सोडवायला लागला.

पंपवाली स्टूल उचलून काचेच्या खोलीत परत गेली. दुपारी तिने डबा उघडला. समोर दादा जेवता जेवता स्वतःशीच पुटपुटत होता, कुठे चुकलं ते शोधत होता. शेवटी तिने डबा बाजूला सारला आणि त्याच्या अगदी जवळ जाऊन, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. रॅक अडखळला होता. मला कळलं होतं. तरी मी पंप दिला.

दादाने डब्याचं झाकण लावलं. ती शिव्यांची वाट बघत होती. तो एवढंच म्हणाला, "मग पोस्टमास्तरांना तूच सांग."

ती त्यांच्या घरी गेली. बहीणबाई आदल्याच संध्याकाळी पोहोचल्या होत्या, खुर्चीत बसल्या होत्या. पंपवालीने दोघांसमोर सगळं सांगितलं. पोस्टमास्तरांनी दाराकडे बोट दाखवलं नाही एवढंच. बहीणबाईंनी मात्र विचारलं, "तुझ्या हाताला लागलं नाही ना?" त्यावर तिला रडू आलं, जे एरवी येत नसे.

पंप पुन्हा खोलला. रॅकच्या दोन दातांच्या बेचक्यात तिळाएवढा गंज निघाला. इंजिनाची बेअरिंगंही खरवडली होती. नवी यायला आठवडे गेले. बहीणबाई पंधराव्या दिवशी परत गेल्या, त्या सीटवर न बसताच. त्याला काही इलाज नव्हता आणि कोणी तसं भासवलंही नाही.

दुसऱ्यांदा चालू करायच्या दिवशी पंपवाली फळी घेऊन हवेच्या तोंडापाशी जायला निघाली. दादाने ती तिच्या हातातून काढून घेतली.

"इथे मी उभा राहतो. चालू तू कर."

"मी?"

"त्या दिवशी चढलेलं मला ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "हाताला थरथर लागली तेव्हा कळलं. वर्षभर असंच चाललंय."

ती सीटवर चढून बसली. पोस्टमास्तर भिंतीला टेकून लांब उभे. तिने स्टार्टर मारला. इंजिन पेटलं, चढलं. दादा फळी वर धरून तिच्या तोंडाकडे बघत होता, इंजिनाकडे नाही. मग आवाज खाली आला. आणखी खाली आला. टक टक टक करत बसला. तिने मान डोलावली, तेव्हा त्याने फळी खाली ठेवली.

नंतर डॉक्टरांनी त्याला कानाचं मशीन दिलं. ते तो घरी लावतो, वर्कशॉपमध्ये काढून खिशात ठेवतो. इंजिनं आता तीच चालू करते. पंपाला पूर्वीपेक्षा दोन दिवस जास्त घेते, त्यावरून गिऱ्हाइकं कुरकुरतात. पोस्टमास्तर वर्षाने तेल बदलायला आले ते सरळ काचेच्या खोलीच्या दारात, बूट काढून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, जरा इंजिन ऐकून घ्या. मला आवाज थोडा वेगळा वाटतोय."