सकाळच्या चहाचे कप

माझ्या मुलीच्या हाताला भोकं पडलीत, असं मी वर्षभर म्हणत होते. अकरावीत गेल्यापासून तिच्या हातून चहाचे कप पडायला लागले. तिसरा फुटला तेव्हा माझं डोकंच सटकलं. "उद्यापासून तुला स्टीलचा पेला!" ती रडवेली होऊन म्हणाली, "आई, मी मुद्दाम नाही गं टाकत." मी म्हटलं, "मग काय, कप स्वतः उडी मारतो?"

रात्रभर गौरी जागवल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्याशी कोसळली. अख्खं अंग ताठ, मग हातपाय झाडायला लागली. शेजारच्या काकू कांदा घेऊन धावल्या, काकांनी पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली. आणि मी अतिशहाणी, दातखीळ सोडवायला चमचा घातला! दाताचा टवका उडाला. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मालवणच्या मावशींनी तेवढं तिला कुशीवर वळवलं. बाकी आम्ही सगळ्यांनी वाटच लावली.

डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं. आधी कधी झटके आले होते? मध्येच टक लावून बसते? "छे हो, ठणठणीत आहे," मी ठामपणे सांगितलं. धांदरटपणा हा काय डॉक्टरांना सांगायचा आजार आहे? फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. पण कपांचं काही थांबेना. उलट आता कंगवाही हातातून उडायला लागला.

पोरीला सायन्समध्येच पुढे शिकायचं होतं. एक दिवस ती म्हणाली, "लॅबमध्ये काचेची नळी धरायची भीती वाटते. मी कॉलेज सोडते, आई." त्यावरही मी चिडलेच. काळजी वाटली की मला आधी राग येतो, काय करू!

तेव्हा मोरीतून मावशी पोरीची बाजू घेऊन बोलल्या, "वैनीनू, चेडवाक बोलू नकात. ता टाकना नाय, तेचो हात उडता. सकाळचोच उडता. दुपारचो एक पण कप फुटलेलो माका आठवना नाय."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?" मी फटकन बोलले. मावशी भांडी घासत राहिल्या. पण काचा तर दरवेळी त्यांनीच गोळा केल्या होत्या. खरंच, सगळे कप सकाळच्या चहाचे होते.

पुढच्या खेपेला मी हे सांगितल्यावर डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हे आधी का नाही सांगितलंत?" मग त्यांनी समजावलं. फिट म्हणजे एकच प्रकार नसतो. कुणी चार-पाच सेकंद नुसतं शून्यात बघतं, कुणाचा एकच हात किंवा ओठ हलतो, कुणी अख्खं कोसळतं. आणि काहींना झोपेतून उठल्यावर हाताला असे बारीक झटके येतात, जागरण झालं की जास्तच. एका प्रकारावरचं औषध दुसऱ्या प्रकाराला कधी कधी बाधतं. हिचं तसंच झालं होतं. डोक्याला वायरी लावून मेंदूचा आलेख काढला, त्यातही तेच दिसलं. मुलीच्या जातीला पुढे बाळंतपणात त्रास नको, असा विचार करून त्यांनी दुसरी गोळी निवडली. वेळेवर गोळी, पुरेशी झोप, मनाने औषध बंद करायचं नाही. आणि फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही. माझ्याकडे बघूनच म्हणाले.

गोळी लागू पडली. देव पावला म्हणायचं, पण आमच्या घरी तो मोरीतूनच बोलला.

सहा महिन्यांनी एका सकाळी पोरीने स्वतः चहा केला. पाहुण्यांसाठी जपलेला सोनेरी काठाचा कप काढला, काठोकाठ भरला आणि ओट्यापासून मोरीपर्यंत चालत नेला. मी श्वास रोखून तिचे हात बघत होते. एक थेंब सांडला नाही. तिने कप मावशींच्या हातात दिला.

मावशींनी घोट घेतला. "साखर कमी पडली गो," म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले.

त्यांचा रोजचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला होता. कान तुटलेला. अकरा वर्षं मी त्यांना त्याच कपातून चहा देत आले होते. मी तो उचलला आणि स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या डब्यात टाकला.