स्पॅनिश सिनेमा आणि जोगळेकरांचा डबा

मधल्या घरात राहिलं की किस्से गोळा करायला जावं लागत नाही, ते आपणच दारात येतात. अमेरिकेत, टेक्ससमधल्या प्लेनो गावात आमच्या डावीकडे जोगळेकर, बायको जाऊन चार वर्षं झालेली. उजवीकडे सुलभाताई, पन्नाशीच्या, त्यांचेही मिस्टर नाहीत. मुलगा ऑस्टिनला कॉलेजात. आणि मध्ये मी, खिडकीचे ब्लाइंड्स कायम अर्धे उघडे ठेवून!

*

२००६ साली लायब्ररीत एक स्पॅनिश सिनेमा फुकट दाखवला. विनोदी. पन्नाशीची विधवा पुन्हा जोडीदार शोधते आणि तिची मुलंच तिला रागावतात. आम्ही तिघं गेलो. खालची इंग्लिश अक्षरं मी वाचेपर्यंत पळायची, म्हणून जोगळेकर मला मराठीत सांगत होते. ती बाई नाचायला जाते तिथे मात्र ते गप्प. मी विचारलं, आता काय म्हणाली?

"काही नाही वहिनी, नाचतेय."

पलीकडे सुलभाताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. जोगळेकर पडद्याकडे बघतच नव्हते.

*

मग त्यांनी तोच सिनेमा लायब्ररीतून घरी आणला आणि तीनदा रिन्यू केला. पाठ करताय का, म्हटलं.

"त्या दिवशी शेवट नीट बघितला नाही," म्हणाले.

*

जोगळेकरांच्या परसात पीकानचं झाड आहे. पीकान म्हणजे अक्रोडाचा इथला भाऊ. ते त्यांनी सुलभाताईंना पाठवले, स्टीलच्या डब्यातून, झाकणावर गेलेल्या बायकोचं नाव कोरलेलं. स्वतः गेले तर लोक बोलतील, म्हणून माझ्या हाती. आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत. तो आला अळूवड्या घेऊन. पुन्हा पीकान गेले, रव्याचे लाडू आले. दर वेळी झाकण उघडून मी बघायचीच.

एकदा जोगळेकर म्हणाले, "वहिनी, लाडू सहाच होते. सुलभाताई म्हणतात, आठ दिले."

तेव्हा मला कळलं, दोघांचे फोनही सुरू झालेत!

*

मग माझी जीभ. दिवाळीच्या पॉटलकला, म्हणजे घरटी एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, चार बायकांत मी म्हणून गेले, आमच्या गल्लीतही स्पॅनिश सिनेमा चालू आहे! सगळ्या हसल्या. देवाशपथ, मनात वाईट नव्हतं. पण गोष्ट ऑस्टिनला पोचली. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुटीला त्यांचा मुलगा घरी आला, आणि कुंपणापलीकडून ऐकू आलं, "मॉम, एव्हरीबडी इज लाफिंग अ‍ॅट यू."

सुलभाताई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी कान न देता आत निघून गेले.

*

सोमवारी सुलभाताईंनी डबा आणून दिला. घासलेला, पुसलेला, रिकामा.

"त्यांना द्या," एवढंच म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही.

रिकामा डबा मी कोणत्या तोंडाने नेऊ? दुपारी रवा भाजला, पाक केला, लाडू वळले, आठ मोजून भरले. जोगळेकरांना जाऊन सांगितलं, सुलभाताईंनी पाठवलेत.

त्यांनी दारातच एक लाडू फोडून तोंडात टाकला. बराच वेळ चघळत राहिले. मग झाकण लावलं आणि त्या कोरलेल्या नावावरून अंगठा फिरवला.

"छान झालेत, वहिनी," म्हणाले. "पण त्या वेलदोडा घालत नाहीत."