जाळं सोडा, कॅप्टन

"विंच बंद करा, कॅप्टन! एक फूटसुद्धा ओढू नका!" मी फोनवर ओरडत होतो. तेही तलवाड्यात, घरच्या ओसरीवर बसून. शेजारी माझे चुलते, आबा, शेंगा फोडत होते.

माझं काम समुद्रातल्या केबल सांभाळण्याचं. देशोदेशीचं इंटरनेट समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधूनच जातं. मासेमारीची बोट तळावरून जाळं ओढते. त्यात केबल अडकली आणि विंचनं, म्हणजे बोटीवरच्या रहाटानं, जोर लावला की केबल तुटलीच. मग दुरुस्तीला कित्येक दिवस. त्या दुपारी नेमकं तसंच अडकलं होतं.

बोटीचा कॅप्टन सॅटेलाइट फोनवरून हिंदीत म्हणाला, "जाळं कापलं तर मालक मला घरी बसवेल. तुम्ही कोण थांबवणारे?"

बरोबर होतं त्याचं. बोट एका देशाची, केबल चार देशांतल्या कंपन्यांची, आणि पाणी कोणत्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीत नाही.

"देशादेशांत करार आहे," मी म्हणालो. "तुमच्या सरकारचीही सही आहे. नीट काळजी घेऊनही जाळं अडकलं आणि केबल वाचवायला ते सोडलं, तर भरपाई केबलवाल्यानं द्यायची."

"कागद कोण पाळतं, साहेब?"

मी फोनवर हात ठेवून आबांना सगळं सांगितलं. ते हसले.

"आपली पाइपलाइन सात जनांच्या रानातून येती. कुनाचा नांगर अडकला तर तो ट्रॅक्टर थांबवून आपल्याला बलावतो. कावून? म्हादूचा फाळ पाइपात अडकून मोडला तवा मी त्याच दिशी नवा दिलता, समद्यांनी बघितलंय. तुमी कुनाला दिलंय का? त्याचं नाव सांग."

दिलं होतं. कॅप्टनच्याच बंदरातल्या एका बोटीला. मी कॅप्टनला नाव सांगितलं. कॅप्टननं वायरलेसवर त्या बोटीला विचारलं. ती दहा मिनिटं मला लई जड गेली.

"कापतो," तो म्हणाला.

"आधी व्हिडिओ काढा, भरपाईला पुरावा लागेल. सगळे खलाशी दिसू द्या, जागेचे आकडेही."

केबल वाचली. आमच्या कंपनीतले साहेब मात्र म्हणाले, "क्लेमची एवढी घाई कशाला? बघू निवांत."

"सर, आपण निवांत बघितलं, तर पुढचा कॅप्टन विंच बंद करणार नाही."

महिन्याच्या आत बोटीवर नवं जाळं पोचलं. अख्ख्या समुद्राला पुरतील इतके पहारेकरी कोणत्याच सरकारकडे नाहीत, म्हणून करार करतात. पण नुसत्या सहीनं केबल वाचत नाही, जाळं पोचवावं लागतं.

पुढच्या हंगामात त्याच कॅप्टनचा फोन आला. "जाळं टाकतोय. तुमची लाइन कुठून जाते?"

मी मोठ्या कौतुकानं आबांना सांगितलं. त्यांनी शेंग फोडली.

"मग? म्हादू बी आता नांगर घालायच्या आदी इचारतोच की."