आबांच्या शेजारची जागा

जागा धरून ठेवणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल आत टाकणारे, लग्नात शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून 'येतायत, येतायत' म्हणणारे, सगळेच. त्यामुळे न्युरेम्बर्गजवळच्या एका होखशूलचं, म्हणजे आपल्या भाषेत कॉलेजचं, जुनं फुटबॉल स्टेडियम नव्यानं करायचं ठरलं आणि तिकिटांचा आणि जागांचा भाग आमच्या कंपनीतर्फे माझ्याकडे आला, तेव्हा मी खूश झाले.

स्टेडियम म्हणजे एकाच बाजूला बसायची सोय, लांबच लांब लाकडी बाकं आणि अर्ध्यावरच संपलेलं छप्पर. ब्राटवुर्स्ट, म्हणजे तिथलं भाजलेलं सॉसेज, मिळायची खिडकी एकच, त्यामुळे अनेकांचा हाफटाइम रांगेतच संपायचा. तुम्हाला काय हवंय, असं आम्ही प्रेक्षकांना विचारलं. मला वाटलं होतं, लोक आधी छप्पर मागतील. पण सगळ्यात जास्त तक्रार निघाली ती बाकावर मफलर पसरून जागा धरणाऱ्यांची. ज्यांच्यासाठी धरतात ते येतच नाहीत आणि आम्ही पावसात उभे, असं लोकांनी लिहिलं होतं. जर्मन माणसंही रुमाल टाकतात हे वाचून मला हसू आलं. मग मी पदर खोचून कामाला लागले.

प्रत्येक जागेला नंबर दिला. खुर्च्या निवडल्या त्या आपोआप मिटणाऱ्या, म्हणजे माणूस उठला की सीट वर जाते आणि तिच्यावर काही ठेवताच येत नाही. आणि एक नियम केला. मॅच सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली तरी तिकीट स्कॅन झालं नाही, तर ती जागा बाहेर वाट बघणाऱ्याला द्यायची. मीटिंगमध्ये सगळे 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', करत माना हलवत होते. त्या दिवशी माझं नाक जरा वरच होतं.

या कामात मी एवढा जीव का ओतत होते, ते घरच्यांना माहीत होतं. पहिल्या मॅचला मी आबांना, माझ्या वडिलांना, कोल्हापूरहून बोलावलं होतं. फुटबॉलवेड्या माणसाची मी मुलगी, पण त्यांच्या शेजारी बसून मी आयुष्यात एकही मॅच बघितली नव्हती. ती एकदा बघायची होती, बस्स.

आबा आमच्याच कॉलेजच्या ग्रंथालयात होते. कॉलेजची मॅच असली की साडेतीनलाच निघायचे, बगलेत पेपर आणि खिशात भडंगाची पुडी. मी अकरावीत त्याच कॉलेजात गेले आणि पहिल्याच मॅचच्या आदल्या दिवशी जेवताना म्हटलं, मीही येते. आबा मान वर न करता म्हणाले, मैदानाच्या पायऱ्यांवर शिव्या चालतात, तिथं पोरींचं काम नाही. सगळ्यांसमोर म्हणाले. ते माझ्या जिव्हारी लागलं. चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि ठरवलं की आता बोलावलं तरी त्या पायऱ्यांवर पाय ठेवायचा नाही.

मॅच मात्र चुकवल्या नाहीत. कॉलेजातल्या मुलींच्या खोलीवर गच्ची होती, तिथून अख्खं मैदान दिसायचं. फक्कीच्या पांढऱ्या रेघा दिसायच्या आणि समोरच्या दगडी पायऱ्यांवर आबा दिसायचे. नेहमी तिसऱ्या पायरीवर, कडेला. त्यांच्या शेजारी त्यांचा मोठा पांढरा रुमाल पसरलेला असायचा, आणि उडू नये म्हणून त्यावर एक दगड. मला वाटायचं, त्यांच्या कुणा मित्राची जागा असेल. पाच वर्षं तो मित्र काही आला नाही. पायऱ्या फुलून जायच्या, लोक आबांशी हुज्जत घालायचे, पण आबा रुमाल उचलायचे नाहीत. जागा धरणाऱ्यांचा माझा राग तेव्हापासूनचा असावा. त्या न येणाऱ्या शहाण्याचा तर मला फारच राग यायचा.

आबांचा व्हिसा झाला, तिकीट झालं, दोन जागा मी स्वतः निवडल्या. मग मॅच दोन आठवड्यांवर आलेली असताना त्यांच्या डॉक्टरांनी विमानप्रवासाला सरळ नाही म्हटलं. आत्ताच नव्हे, पुढेही नको म्हणाले.

फोनवर मी रडवेली झाले होते, म्हणून विषय बदलायला आबांनी स्टेडियमचं विचारलं. मी नंबर, मिटणाऱ्या खुर्च्या, पंधरा मिनिटांचा नियम, सगळं सांगितलं.

आबा म्हणाले, "म्हणजे तुझ्या स्टेडियमात माझं काही चाललं नसतं. मी तर अख्खी मॅच रुमाल टाकून बसायचो."

"हो, बघायचे की मी गच्चीवरून. कुणासाठी टाकायचात?"

"कुणासाठी म्हणजे? तुझ्यासाठीच की गं."

मी विचारलं, "मग एकदा तरी 'ये' का म्हणाला नाहीत?"

"नको म्हणून बसलो होतो ना एकदा. आता कुठल्या तोंडानं म्हणणार? वाटलं, वरून दिसतोय रुमाल, येईल खाली."

उद्घाटनाच्या मॅचला मी एकटीच गेले. नवरा येतो म्हणाला होता, मी नको म्हटलं. आबांचं मॅचचं तिकीट रद्द करायला हवं होतं, ते मी केलं नाही. सगळं झकास झालं होतं. छप्पर पुरं होतं, खिडक्या दोन झाल्या होत्या, लोक आपापला नंबर शोधून निमूट बसत होते. मी पर्समधून रुमाल काढून शेजारच्या सीटवर ठेवला, तर सीट वर गेली आणि रुमाल आत अडकला. मीच निवडलेली सीट. मग मी ती खाली ओढली, रुमाल नीट पसरला आणि हातानं दाबून धरून बसले.

पंधरा मिनिटं मी तशीच बसले होते. मैदानात काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. आबा हवे होते, दुसरं काही नको होतं. सोळाव्या मिनिटाला एक मुलगी आली. कॉलेजातलीच असावी, केस पावसानं भिजलेले. तिनं अदबीनं मोबाइल पुढे करून नंबर दाखवला. नंबर बरोबर होता. माझाच नियम होता. मी रुमाल उचलला आणि म्हटलं, "बिट्टं." म्हणजे, बस ना.

घरी येऊन आबांना फोन लावला. त्यांनी आधी स्कोअर विचारला. मग विचारलं, "माझी जागा रिकामीच राहिली असंल?"

मी म्हटलं, नाही, एक मुलगी येऊन बसली.

"बरं झालं," आबा म्हणाले. "शेजारची जागा रिकामी असली की मॅच बघवत नाही."